खमीर

दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा मित्राचा फोन आला.

"शनिवारी संध्याकाळी मळ्यात ये. तात्यांची बाटली उघडायचीय."

"आणि मी तिथं येऊन काय करू?"

"ते तात्यांनाच विचार. बाकीचे पिणारे आहेत, पण मास्तर पाहिजेच असं म्हणालेत."

मी पीत नाही. कधीच प्यालो नाही. राजुरीत हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सहसा कुणी विचारत नाही. लग्नाच्या वरातीत एखादा बाहेरगावचा पाहुणा खांद्यावर हात टाकून म्हणतो, "एक घोट घे की मास्तर, वरचा काय बघत बसलाय का?" मी हसून बाजूला होतो. दुसऱ्या बाजूचेही लोक आहेत. ते विचारतात, "अशा लोकांत तू बसतोसच कशाला?" तिथेही मी हसून बाजूला होतो. चाळिशी ओलांडेपर्यंत या दोन हसण्यांवर माझं बरं चाललं होतं.

गंमत अशी की, मी शिकवतो उर्दू आणि मराठी. उर्दू गझल शिकवायची म्हणजे साकी आला, जाम आला, मैखाना आला. दरवर्षी एक तरी पोरगा हात वर करतो. "सर, हे सगळे शायर प्यायचे का?" मग मी रियाज खैराबादींचं उदाहरण देतो. १८५३ ते १९३४ हा त्यांचा काळ. उर्दूत दारूवरच्या शायरीचे ते इमाम मानले जातात आणि त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही असं सांगतात. पोरं खूश होतात. मीही खूश होतो, कारण न चाखता दारू शिकवणारा मी एकटा नाही याचा तेवढाच आधार वाटतो.

तात्या म्हणजे मित्राचे वडील. वय ऐंशीच्या पुढे. ऐंशीच्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी शॅम्पेनचा कारखाना काढला. कंपनीचं नाव शॅम्पेन इंडाज, पुढं शातो इंडाज म्हणून ते जास्त गाजलं. फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या जुन्या घराण्याकडून तंत्र आणलं आणि आपल्याकडच्या द्राक्षांपासून बुडबुड्यांची वाईन तयार केली. परदेशात ती 'ओमर खय्याम' नावानं गेली. त्या काळी नारायणगाव म्हटलं की लोकांना तमाशाच्या राहुट्या आणि विठाबाई आठवायच्या. त्या गावाची द्राक्षं युरोपातल्या हॉटेलात काचेच्या ग्लासात फेसाळत होती, हे आमच्याच तालुक्यात निम्म्या लोकांना खरं वाटत नव्हतं. तात्या तिथं तळघरात कामाला होते. पुढं कंपनी कर्जात बुडाली आणि बंद पडली. तात्या त्याच्या कितीतरी आधी निवृत्त होऊन मळ्यात परतले होते. येताना मिळालेली एक बाटली त्यांनी कागदात गुंडाळून, आडवी करून, धान्याच्या कोठीमागं ठेवली होती. कागदावर शाईनं वर्ष लिहिलं होतं. तेच वर्ष मी सातवीत होतो ते.

शनिवारी मी उजेड असतानाच निघालो. आमच्याकडे थंडीत ऊसतोड सुरू असते आणि उसातला बिबट्या रस्त्यावर येतो, त्यामुळे अंधारात मोटारसायकलवर एकटं कुणी फिरत नाही. मळ्यात पोचलो तर पडवीत चटई, मध्ये लाकडी चौरंग आणि त्यावर तीन बाटल्या. दोन धाकट्यानं आणल्या होत्या. तो मित्राचा भाऊ, पुण्यात कंपनीत आहे, कामासाठी फ्रान्सला जाऊन आला होता. एका बाटलीवर २००८, दुसरीवर २०१२. तिसरी तात्यांची. आळेफाट्याचे डॉक्टर आले होते. त्यांनी दवाखान्यातल्या कापसात गुंडाळून सहा ग्लास आणले होते. आणि आमचे निवृत्त मुख्याध्यापक, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी चुकवत नाहीत. तेही माझ्यासारखेच न पिणारे. त्यांना पाहून मला जरा बरं वाटलं.

वहिनींनी मासवडी केली होती. जुन्नर-आंबेगावात पाहुण्यासाठी यापेक्षा मोठा मान नाही, आणि नावात मासा असला तरी आत बेसन, तीळ, खोबरं. त्यामुळे गुरुजींचाही प्रश्न मिटला आणि माझाही. आम्हा दोघांसाठी त्यांनी काळ्या द्राक्षांचा रस काढला. ग्लास मात्र डॉक्टरांचेच दिले, सगळ्यांसारखे.

तात्या खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. डॉक्टरांनी त्यांना दारू बंद केलेली. म्हणजे बाटलीचा मालकही पिणार नव्हता.

"मास्तर," ते म्हणाले, "हा खय्याम कोण होता?"

मला आधी कळेना.

"मी इतकी वर्षं त्याच्या नावाच्या बाटल्या फिरवल्या. साहेब लोकांना विचारायची छाती झाली नाही. तुम्ही फारशी-उर्दूवाले. म्हटलं, बाटली उघडायच्या आधी माणूस तरी कळावा."

म्हणून मला बोलावलं होतं.

मी सांगितलं. इराणातल्या निशापूरचा माणूस. जन्म १०४८, मृत्यू ११३१. खय्याम म्हणजे तंबू शिवणारा, बहुधा घराण्याचा धंदा. हा स्वतः मात्र गणिती. घनसमीकरणं भूमितीनं सोडवण्याची रीत त्यानं मांडली. सुलतान मलिकशहाच्या दरबारी आकाश पाहणाऱ्या विद्वानांत तो होता, आणि त्यांनी सौर वर्षाचं मोजमाप इतकं नेमकं केलं की १०७९ मध्ये सुरू झालेलं ते जलाली कालगणनेचं पंचांग आजही विद्वान वाखाणतात. चार ओळींच्या रुबाया त्याच्या नावावर आहेत. त्यातल्या खऱ्या त्याच्या किती, यावर वाद आहे. १८५९ मध्ये फिट्झजेराल्ड नावाच्या इंग्रजानं त्या इंग्रजीत नेल्या आणि सगळं जग त्याला दारूचा कवी म्हणून ओळखू लागलं.

"मराठीत आला का?" गुरुजींनी विचारलं.

"आला की. माधव जूलियननी आणला. ते फारशीचेच प्राध्यापक. फारसी-मराठी कोश त्यांनी केला १९२५ मध्ये. मग मूळ फारसीवरून रुबाया केल्या आणि फिट्झजेराल्डवरून 'द्राक्षकन्या'. फारशीत दारूला दुख्तर-ए-रज म्हणतात, द्राक्षवेलीची लेक. तेच नाव."

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पंचांगवाला होता! आणि आम्ही समजत होतो कुणी बेवडा राजा असंल."

सगळे हसले. गुरुजी तर डोळे पुसेपर्यंत.

मग तात्यांनी काम सांगायला सुरुवात केली, आणि मी वही काढली, कारण धाकट्यानं मला एक काम दिलं होतं. प्रत्येक बाटलीबद्दल कोण काय म्हणतो ते लिहून घ्यायचं. "आम्ही पिणार, त्यामुळे आमचं अक्षर चालणार नाही," तो म्हणाला होता.

तात्यांचं म्हणणं असं. आधी साधी वाईन करायची, बुडबुडे नसलेली. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालायचं आणि झाकण घट्ट लावायचं. आत पुन्हा आंबणं सुरू होतं. त्यात जो वायू तयार होतो त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो वाईनमध्येच मुरतो. दाब इतका की मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. काम संपलं की यीस्ट मरतं आणि तळाशी साका बसतो. त्या साक्यासकट बाटली अंधारात आडवी पडून राहते, महिने, वर्षं. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात कायदा आहे, बाटलीवर वर्ष छापायचं तर द्राक्षं त्याच एका सालाची हवीत आणि वाईन किमान तीन वर्षं मुरलेली हवी. वर्ष न छापलेली असेल तर वेगवेगळ्या सालांचं मिश्रण चालतं, पंधरा महिने पुरतात.

"आणि मग माझं काम," तात्या म्हणाले. साका तळाशी राहून चालत नाही, तो तोंडाशी आणायचा असतो. त्यासाठी भोकं पाडलेल्या तिरक्या फळ्यांमध्ये बाटल्या तोंड खाली करून खोचायच्या. रोज प्रत्येक बाटली किंचित हलवायची आणि थोडीशी फिरवायची, थोडी आणखी उभी करायची. काही आठवडे. सगळा साका बुचाशी गोळा झाला की मान बर्फाळ पाण्यात गोठवायची आणि झाकण उडवायचं. आतल्या दाबानं गोठलेला साका बाहेर फेकला जातो. मग वाईन आणि साखरेनं तेवढी तूट भरून पक्कं बूच.

बोलताना त्यांचे दोन्ही हात पुढे आले. मनगटं एकाच वेळी फिरली, उजवं थोडं, डावं थोडं. टक, टक.

वहिनी दारातून म्हणाल्या, "झोपेतसुद्धा करतात. आम्हाला आधी वाटायचं कंपवात आहे."

पहिली उघडली २०१२ ची. धाकट्यानं तारेची जाळी सैल केली, सहा अर्धे वेढे मोजून. बूच धरून ठेवलं आणि बाटली फिरवली. मोठा आवाज होईल म्हणून मी डोळे मिटले होते. झाला नाही. नुसता एक निःश्वास, जसा थकलेला माणूस बसताना सोडतो.

"आवाज झाला की समजायचं शिकाऊ आहे," तात्या म्हणाले.

त्यांनी घोट घेतले. डॉक्टर म्हणाले, "गोड नाही, पण पिकलेल्या सफरचंदासारखं." मित्र म्हणाला, "पेरू." धाकटा इंग्रजी शब्द सांगू लागला, पण तो अडला. फ्रेंच बेकरीतल्या कसल्याशा पावाचं नाव होतं ते. मी विचारलं, "मराठीत काय लिहू?" कुणाला सांगता येईना. आमच्या तालुक्यात द्राक्ष म्हणजे साखर किती, मण्याचा आकार किती, निर्यातीला चालेल का, एवढीच भाषा. त्या द्राक्षाची वाईन झाल्यावर तिच्या वासाला काय म्हणायचं, हे आम्हाला कधी लागलंच नव्हतं.

२००८ ची उघडली. ते साल तिकडे थंड होतं, म्हणून आंबटपणा जास्त आणि टिकाऊ, असं धाकट्यानं सांगितलं. २०१२ मध्ये हिमानं आणि रोगानं पीक कमी आलं, पण जे आलं ते पक्व. आमचा मित्र बागायतदार. तो एकदम सावरून बसला. "म्हणजे त्यांच्याकडंही डाऊनी येतो?" मग दहा मिनिटं फवारणीवर गेली. एका बाटलीवरच्या चार अंकांमागं कुणाची तरी रात्रभर शेकोट्या पेटवून जागवलेली बाग असते, हे त्याला सांगावं लागलं नाही.

२००८ बद्दल सगळे पुन्हा अडले. काहीतरी भाजल्याचा वास होता. नेमका कसला, ते सापडेना. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुम्ही सांगा. प्यायचं नाही. नुसता वास घ्या, आणि तुमच्या मनाला पटत असेल तरच."

पडवी जरा शांत झाली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. मला ते बरं वाटलं.

ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथं बसू नये, ही हदीस मला माहीत आहे. तिथं बसलो होतो तेही माहीत होतं. मी मुफ्ती नाही. स्वतःसाठी पळवाट काढून देणारा तर मी मुळीच होऊ इच्छित नाही. चूक असेल तर ती माझ्या खाती. मी ग्लास हातात न घेता वाकलो आणि वास घेतला.

आणि मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. जुम्मे के दिन अम्मी खमिरी रोटी करायची. आदल्या रात्री कणकेत खमीर घालून पितळी पातेल्यावर ओलं फडकं टाकून ठेवायची. सकाळी फडकं काढलं की येणारा आंबूस वास आणि मग तव्यावर रोटी फुगली की येणारा दुसरा वास. ते दोन्ही त्या ग्लासात एकावर एक बसले होते.

"खमीर," मी म्हणालो. "खमिरी रोटी. कडेला जरा करपलेली."

"बरोब्बर!" धाकटा ओरडला. "तेच! मेलेल्या यीस्टचा वास तो. वर्षानुवर्षं त्यावर पडून राहिल्यामुळं येतो."

मी वहीत लिहिलं. लिहिता लिहिता हात थांबला. अरबीत ख, म, र या तीन अक्षरांच्या धातूतून खम्र येतो, म्हणजे दारू, जी मला मना आहे. त्याच धातूतून खमीर येतं, ज्यावर आमची रोटी फुगायची. खिमार म्हणजे डोक्यावरची ओढणी, तीही त्यातलीच. झाकणं हा त्याचा मूळ अर्थ सांगतात. दारू अक्कल झाकते म्हणून खम्र. हे मी वर्गात फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण पातेल्यावरच्या ओल्या फडक्याचा वास मला त्या फळ्यावरून कधी आला नव्हता.

शेवटी तात्यांची बाटली. बूच ओढलं तर अर्धं हातात आलं, अर्धं चुरा होऊन आत गेलं. निःश्वासही आला नाही. वाईन गाळून ओतली. रंग काकवीसारखा, बुडबुडा एकही नाही. मित्रानं घोट घेतला आणि तोंड वाकडं न करण्याचा प्रयत्न केला. धाकट्यानं समजूत घातली की, बाल्टिक समुद्रात आलंड बेटांजवळ २०१० मध्ये बुडालेल्या जहाजातून शॅम्पेनच्या बाटल्या सापडल्या, पावणेदोनशे वर्षं जवळजवळ, आणि त्यातल्या काही पिण्याजोग्या निघाल्या. थंड आणि अंधार मिळाला की टिकते.

"आपल्या कोठीमागं समुद्र नव्हता," तात्या म्हणाले.

त्यांनी ग्लास मागितला. डॉक्टर काही बोलले नाहीत. तात्यांनी तो नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि तसाच माझ्यापुढे केला.

"लिहा मास्तर. काय वास येतोय?"

मी वास घेतला. खमीर नव्हतं. जुना गूळ, अक्रोडाची साल, ओलं गोणपाट. मी तसंच सांगितलं.

"गोणपाट बरोबर आहे," ते म्हणाले. "तळघरात खाली गोणपाट अंथरायचो आम्ही." आणि बाकीचं त्यांनी अंगणातल्या डाळिंबाच्या बुंध्याशी ओतायला लावलं.

निघताना धाकट्यानं सगळ्यांचा फोटो काढला. चौरंग, बाटल्या, आम्ही सहा जण. माझ्यापुढे काळ्या द्राक्षांच्या रसाचा ग्लास. गुरुजींच्या पुढेही.

फोटो त्यानं स्टेटसला ठेवला. सकाळी नऊच्या आत तो माझ्यापर्यंत तीन वाटांनी परत आला. एका पालकानं नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. कुणीतरी लिहिलं, "वा सर, आता कसे माणसांत आलात!" मला दुसऱ्याचा राग जास्त आला. पहिल्याला निदान शंका होती. दुसऱ्याच्या मते मी इतकी वर्षं माणसांत नव्हतो.

गुरुजींना फोन केला. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "माझ्या माळेवर लोकांचा विश्वास आहे, तुमच्या शब्दावर नाही, असं झालं का हे?" मी काही बोललो नाही. अर्ध्या तासानं त्यांनी त्याच फोटोखाली लिहिलं, मास्तर आणि मी द्राक्षाचा रस प्यालो, वहिनींनी साखर घातली नव्हती. त्यावर हसण्याच्या खुणा आल्या आणि विषय संपला. पण हे मला स्वतःला लिहिता आलं नाही, हे टोचत राहिलं. लिहिलं असतं तर सफाई दिल्यासारखं दिसलं असतं. न लिहिलं तर कबुली.

दुपारी भाईजान घरी आले. वयानं बारा वर्षांनी मोठे, अब्बांनंतर तेच. बसले नाहीत.

"वहाँ क्या कर रहा था तू?"

"लिहीत होतो," मी म्हणालो आणि वही पुढे केली. दुसरं काय देणार होतो?

त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचलं. पेरू, सफरचंद, डाऊनी, पंचांगवाला. एका ओळीवर बोट थांबलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"पुढच्या वेळी जाऊ नकोस," ते म्हणाले. "गुनाह हुआ, असं मी म्हणत नाही. पण जाऊ नकोस."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. दारापर्यंत गेले आणि चप्पल घालताना थांबले.

"अम्मी खमीर दह्याचं लावायची की आदल्या कणकेचं?"

"आदल्या कणकेचं. मूठभर काढून ठेवायची."

"हां," ते म्हणाले. "मूठभर काढून ठेवायची."

तात्यांनी बाटली फेकू दिली नाही. वहिनी सांगत होत्या, धुऊन खिडकीत ठेवलीय, तोंड खाली करून. संध्याकाळी पाणी प्यायला उठले की जाता जाता तिला हात लावतात. थोडीशी फिरवतात.